भिंतीतली वायर

भिंतींवर आमच्या घरमालकीणबाईंइतका अविश्वास असलेला माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. लोक दूधवाल्यावर संशय घेतात, जावयावर घेतात, शेजाऱ्याच्या कुत्र्यावर घेतात. बाईंचा सगळा संशय भिंतींवर होता. कुणाच्याही घरी गेल्या की त्या आधी मेन स्वीच कुठे आहे ते शोधायच्या. मग स्वीचबोर्डाच्या बाजूच्या भिंतीला उलटा हात लावायच्या, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि डोळे मिटून क्षणभर उभ्या राहायच्या. "गार हाय," असं स्वतःशी म्हणाल्या की मगच खुर्चीवर टेकायच्या. भिंत कोमट निघाली तर मात्र त्या घरात चहा होत नसे, कारण चहा होण्याआधी त्या घराची वीज गेलेली असे. ती बाईंनीच घालवलेली असे.

सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणू लागलो. साठी ओलांडलेली, काटक, ठसठशीत आवाजाची बाई. एका साखर कारखान्यात विद्युत विभागात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेल्या. त्यांच्या काळात आयटीआयला वायरमनच्या वर्गात त्या एकट्या मुलगी होत्या, हे त्या कधी अभिमानाने सांगत नसत; "बाकीची पोरं टिवल्याबावल्या करायची, मला कोण बोलायचं न्हाय, म्हणून मी शिकलो," एवढंच म्हणायच्या. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना सर्रास "मी गेलो, मी आलो" म्हणतात, हे मला पुण्याहून आल्यावर पहिल्यांदा कळलं. लग्न त्यांनी केलं नव्हतं. आणि अंबाड्यात इतर बायका गजरा माळतात तिथे त्यांनी टेस्टर खोचलेला असायचा. देवीच्या दर्शनाला जातानाही.

माझी बदली कोल्हापूरला झाली तेव्हा मुलगी अकरावीत होती. तिचा अभ्यास, बायकोची नोकरी, सगळं पुण्याला. म्हणून मी एकटाच आलो आणि आक्कांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घ्यायला गेलो. घरमालक काय काय विचारतात याची मी मनाशी तयारी केली होती. आक्कांनी माझं आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मी काय खातो तेही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "पावणं, इस्त्री किती वॅटची हाय?"

मला माहीत नव्हतं. इस्त्रीला वॅट असतात हे शाळेत शिकलो असेन, पण तिच्याशी त्या पातळीवर कधी बोललो नव्हतो.

"मग इचारा की घरात फोन करून."

मी त्यांच्या व्हरांड्यात उभा राहून पुण्याला फोन लावला. बायकोने इस्त्री उलटी करून तिच्या बुडावरचं वाचून दाखवलं, मग मिक्सरचं वाचलं, मग म्हणाली, "तू घर बघायला गेलायस ना रे?" त्या आठवड्यात आमचं एवढं मोठं बोलणं दुसऱ्या कशावर झालं नव्हतं.

मग आक्कांनी मला खोल्या दाखवण्याआधी व्हरांड्यातली पेटी उघडून दाखवली. आत काळ्या खटक्यांची एक ओळ. त्यातल्या एकावर त्यांनी बोट ठेवलं. "हे तुमच्या वरच्या मजल्याचं. धा अँपिअरचं. ह्येच्यापेक्षा जास्त वीज ओढलासा तर हे पडणार. पडलं की शिव्या द्यायच्या न्हाईत."

"म्हणजे फ्रिजबिज जळू नये म्हणून, ना?" मी हुशारी दाखवली.

आक्कांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला परत अकरावीत बसल्यासारखं झालं. "तुमच्या फ्रिजशी ह्येला काय करायचं? हे वायरीसाठी हाय. भिंतीत वायर हाय न्हवं? ती जेवढी जाड, तेवढीच वीज तिला झेपती. तुमी वर गिझर लावणार, शेगडी लावणार, इस्त्री लावणार, सगळ्यांस्नी वीज त्या एकाच वायरीतनं जाणार. शेगडीला काय होत न्हाय, गिझरला काय होत न्हाय. तापती ती वायर. आणि ती तापली तरी कुणाला दिसत न्हाय, भिंतीच्या आत हाय म्हणून. शेगडी बिघडली तर बंद पडती, मिक्सर बिघडला तर आवाज करतो. वायर काय करणार? गप बसून तापती. म्हणून ती तापायच्या आधी ह्यानं पडायचं. पूर्वी फ्यूज असायचा, त्यातली बारीक तार आधी वितळायची. काम त्येच."

तात्पर्य, गिझर आणि शेगडी एकाच वेळी लावायची नाही. त्या अटीवर मला घर मिळालं.

या एका श्रद्धेपायी आक्कांनी अख्खी गल्ली गमावली होती, हे मला हळूहळू समजलं. कोपऱ्यावर एका घरी नव्या बंगल्याचं हळदीकुंकू होतं. यजमानीणबाई फरशी दाखवत होत्या, झुंबर दाखवत होत्या. आक्का कधी मागच्या बाजूला गेल्या कुणाला कळलं नाही. त्यांनी पेटी उघडली. बारीक वायरींवर सरसकट बत्तीस अँपिअरचे खटके बसवलेले. आक्का ओरडल्या, "हे कुठल्या शाण्यानं केलं?" आणि त्यांनी मेन खाली ओढला. पंचवीस-तीस नटलेल्या बायका, हातात वाणाची ताटं, गच्च पडदे लावलेल्या हॉलमध्ये अंधार, आणि त्यात आक्कांचा आवाज: "झुंबराच्या वायरीला बत्तीस? जळून मरशीला की गं सगळ्याजणी!" बोलल्या ते खरंच होतं. पण सणाच्या दिवशी, सवाष्णींच्या मेळाव्यात, हे वाक्य बरोबर त्या शब्दांत बोलायला नको होतं. त्यानंतर आक्कांना हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली. मग बारशांची झाली. गणपतीत मंडळाच्या मांडवाकडे आक्का येताना दिसल्या की कार्यकर्ते वायरींच्या उघड्या जोडांवर घाईघाईने सतरंज्या टाकायचे, त्यामुळे मांडव जास्तच धोक्याचा व्हायचा. मी राहायला गेलो तोवर गल्लीतले लोक आक्कांशी अत्यंत आदराने बोलायचे, पण रस्त्यावरूनच. दाराशी थांबवून बोलायचे. "या की आत" असं त्यांना कुणी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

संध्याकाळी ऑफिसातून आलो की वरच्या तीन खोल्यांत मी आणि पंखा. पहिल्या महिन्यात माझ्याकडून तो खटका इतक्या वेळा पडला की आक्कांना वाटलं असेल मी मुद्दाम करतो. मग मला खाली जावं लागे. आक्का लगेच खटका वर करत नसत. आधी डॉक्टरांसारखी चौकशी. "काय काय चालू होतं?" मी गुन्हे कबूल करायचो. "पाच मिनटं थांबा. वायर निवू द्या." ती पाच मिनिटं काढायची म्हणून त्या भाजलेल्या शेंगांची वाटी पुढे करायच्या, मग चहा टाकायच्या, मग कारखान्यातल्या एखाद्या मोटरीचा स्वभाव सांगायच्या. मोटरींबद्दल त्या नातेवाइकांबद्दल बोलावं तसं बोलत. वायर बिचारी कधीच निवलेली असायची; तास गेलेला असायचा. वर आल्यावर खोल्या आणखी मोठ्या वाटायच्या.

काही दिवसांनी माझ्या मनात एक क्षुद्र शंका आली. बाई एकट्या आहेत, कुणी येत नाही, म्हणून तर हा खटका एवढा लहान ठेवला नाही? म्हणजे तो पडावा, भाडेकरूने खाली यावं, शेंगा खाव्यात. ही शंका मला इतकी पटली की वायर खरंच बारीक असेल हा विचार मी सोडूनच दिला. आज मला त्या शंकेची लाज वाटते. आणि मला तरी शेंगा खायला नको होत्या का? उलट कित्येकदा खटका पडला की मला बरंच वाटायचं.

दिवाळीला बायको आणि मुलगी चार दिवस येणार होत्या. मी महिनाभर आधीपासून तयारीला लागलो. नवे पडदे आणले, मुलीसाठी टेबललॅम्प आणला. चार दिवस तरी हे घर घरासारखं वाटावं, "बाबा, इथे तर अंघोळ करताना चहा करता येत नाही" असं तिने म्हणू नये, एवढंच मनात होतं. आक्का एका सकाळी डोळे तपासायला दवाखान्यात गेलेल्या पाहून मी ऑफिसजवळचा एक इलेक्ट्रिशियन बोलावला आणि व्हरांड्यातल्या पेटीतला दहाचा खटका काढून बत्तीसचा बसवायला सांगितला.

तो म्हणाला, "सायेब, वायर बारीक दिसतीया."

मी म्हणालो, "चार दिवसांचा प्रश्न आहे."

त्याने खांदे उडवले आणि बसवला. मी पेटीचं झाकण लावून टाकलं. दहाचा खटका माझ्या कपाटात ठेवला.

वसुबारसेच्या संध्याकाळी दोघी आल्या आणि घर खरोखरच घरासारखं झालं. गिझर, शेगडी, इस्त्री, केस वाळवायचं यंत्र, टेबललॅम्प, सगळं एकदम चालू, आणि खटका काही पडेना. दुसऱ्या दिवशी आक्का चिवड्याचा डबा घेऊन वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या. गल्लीने त्यांना तशी सवय लावली होती.

"काल पडलं न्हाई वाटतं?"

"नाही," मी म्हणालो. "आम्ही जपून वापरतो."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला तिथेच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "शिकलासा की, पावणं! वैनी, ह्यांस्नी पयल्यांदा इस्त्रीचे वॅट बी ठावं नव्हते बघा."

नरकचतुर्दशीच्या सकाळी आठच्या सुमारास मुलगी बाथरूममध्ये होती, बायको शेगडीवर पोह्यांची फोडणी करत होती, मी झब्ब्याला इस्त्री करत होतो. बायको म्हणाली, "दिवाळीच्या दिवशी सकाळी सकाळी मासे कोण तळतंय?" मलाही वास आला. खारट, उग्र, माशांसारखा. आम्ही खिडकी लावून घेतली.

त्याच क्षणी सगळं बंद पडलं आणि जिन्यावर धडधड पावलं वाजली. आक्का. अंबाडा सुटलेला, टेस्टर हातात. वास खालीही पोचला होता; मेन खाली ओढूनच त्या वर आल्या होत्या. त्या थेट बाथरूम आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीशी गेल्या, उलटा हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"पोरगी कुठं हाय?"

"अंघोळीला."

"भाईर काढा तिला. आत्ताच्या आत्ता."

बायकोने दार बडवलं. मुलगी साबण घेऊन, टॉवेल गुंडाळून, कुरकुरत बाहेर आली. तोवर आक्कांनी बोर्डाचे स्क्रू काढले होते. पांढरी पट्टी फुगून तपकिरी झाली होती. मागून धुराचा एक बारीक धागा वर गेला. आतल्या वायरींचं आवरण मेणासारखं ओघळून एकमेकांत चिकटलं होतं आणि तांबं उघडं पडलं होतं. मासे कुणीच तळत नव्हतं; तो उग्र वास या तापून वितळणाऱ्या आवरणाचा होता. आणखी पंधरा मिनिटं, फार तर वीस. मुलगी त्याच भिंतीच्या पलीकडे होती.

आक्का तशाच जिना उतरल्या. मी मागोमाग गेलो. त्यांनी व्हरांड्यातली पेटी उघडली आणि बत्तीसचा आकडा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, एखाद्याला अनोळखी गावात ओळखीचा चेहरा दिसावा तशा. मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

वरून बायको ओरडली, "आक्का, काय झालं हो?"

आक्कांनी पेटीचं झाकण लावलं. "काय न्हाई, वैनी! वायर जुनी हाय माझी. कवाच बदलायला पायजे होती, ऱ्हाऊन गेलं. माझीच चूक झाली."

दिवाळीचे उरलेले दिवस आम्ही आक्कांच्या घरात काढले. मुलीने त्यांच्याकडून टेस्टर धरायला शिकून घेतलं, बायकोने त्यांच्या चुलीवर करंज्या तळल्या, आणि आक्का दिवसभर मोठमोठ्याने बोलत घरात फिरत राहिल्या. दोघी पुण्याला निघाल्या तेव्हा बायको मला म्हणाली, "केवढ्या मनाच्या आहेत रे. कुणी घरमालक अशी चूक कबूल करेल का?" मी बॅगा गाडीत ठेवत राहिलो.

त्या संध्याकाळी मी कपाटातला दहाचा खटका घेऊन खाली गेलो आणि आक्कांच्या पुढ्यात ठेवला.

"आक्का, मी बायकोला सांगणार आहे."

"सांगा की. तुमची बायकू हाय." त्या शेंगा सोलत होत्या. "बत्तीस घातलं म्हणून वायर जाड होत न्हाय, पावणं."

"तुम्ही का स्वतःवर घेतलंत?"

त्यांनी खटका उचलून पदराने पुसला. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या मूळच्या इचलकरंजीच्या. वडील यंत्रमागावर कामाला. गल्लीत समोरच्या घरी रशिदा राहायची. दोघी एका पाटीवर शिकल्या, एका ताटात जेवल्या. आक्का आयटीआय पास झाल्या त्याच वर्षी रशिदाचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी घरात पाहुण्यांची गर्दी, माळा लावलेल्या, दारात भोंगा लावलेला, आणि फ्यूज सारखा उडत होता. दोनदा बांधला, दोनदा उडाला. सगळे म्हणाले, वायरमन झालीस न्हवं, बघ की काहीतरी.

"वीस वर्षांची होतो मी. सगळी माझ्याकडं बघालती. पयल्यांदाच. मी काय केलो, बारीक तार न्हाई घातलो. तांब्याची जाड तार घेतलो, दुहेरी, आणि घातलो. मग काय उडतंय? माळा लागल्या, भोंगा वाजाय लागला. रशिदाच्या अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाले, पोरगी न्हाय, इंजिनेर हाय." आक्कांनी शेंगांची टरफलं गोळा केली. "दुपारी आतल्या खोलीत आग लागली. वायर लाकडी पट्टीतनं गेलती. त्या खोलीत रशिदाचे लग्नाचे कपडे होते, गाद्या होत्या, सगळं गेलं. माणसं वाचली. लग्न सा महिने लांबलं. सगळी म्हणाली, भोंगेवाल्यानं केलं. त्याला मारत मारत गल्लीच्या भाईर काढला. मी दारात उभी होतो. बोललो न्हाई."

नंतर कारखान्यात नोकरी लागली आणि आक्का गाव सोडून आल्या. रशिदाच्या लग्नाला गेल्या नाहीत. तिच्या मुलांच्या लग्नाच्या पत्रिका यायच्या, त्या एका पिशवीत ठेवलेल्या होत्या. अंतर तासाभराचं. चाळीस वर्षं झाली होती.

मी म्हणालो, "जाऊ या का?"

"येडं का काय," आक्का म्हणाल्या.

पुढचा महिनाभर आम्ही वरच्या मजल्याची वायर बदलली. म्हणजे त्यांनी बदलली, मी शिडी धरली. गिझरला वेगळी जाड वायर, तिला तिच्या मापाचा खटका. आता काहीही एकदम लावा, पडायचं कारण नव्हतं. खाली जायला मला निमित्त उरलं नाही, म्हणून मी निमित्ताशिवाय जाऊ लागलो. रशिदाचा विषय निघाला की आक्का मात्र उठून कुकर लावायच्या.

मग एका रविवारी सकाळी दारावर थाप पडली. आक्का इस्त्रीच्या साडीत, हातात पर्स. "चला," म्हणाल्या. "इस्टी साडेनऊला हाय." प्रवासभर त्या खिडकीबाहेर बघत होत्या. इचलकरंजीत उतरल्यावर मात्र रस्ता विचारावा लागला नाही. गल्लीत दोन्ही बाजूंच्या शेडांमधून माग चालू होते, त्या खटखटाटात चालताना पायाखालची जमीनही हलत होती. एका दारासमोर आक्का थांबल्या आणि माझी बाही धरली.

दार एका जाड, गोऱ्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बाईने उघडलं. तिने आक्कांकडे पाहिलं, मग चष्मा सारखा केला, परत पाहिलं.

"आलीस व्हय," ती म्हणाली. "म्हटलं मेल्यावर येतीस का काय."

आत बसल्यावर आक्कांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. जाड तार, दुहेरी, भोंगेवाला, सगळं. मागांच्या आवाजामुळे त्यांना ते ओरडून सांगावं लागलं. चाळीस वर्षं मनात दाबलेली गोष्ट माणूस अशी ओरडून सांगताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

रशिदाबींचा चेहरा बदलत गेला. "तो भोंगेवाला," त्या अखेर म्हणाल्या, "अब्बांनी चपलेनं मारलता गं त्येला." आणि उठून आत गेल्या. आम्ही दोघं बसून राहिलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आक्का पायांच्या बोटांकडे बघत होत्या. मला वाटलं, आता निघावं. तेवढ्यात रशिदाबी चहाचे कप घेऊन बाहेर आल्या. डोळे लाल होते.

"तो वारला," त्या म्हणाल्या. "त्येला आता काय सांगणार? ते तू तुझ्यासंगं घेऊन बस. पर मला एक सांग. तू त्या आगीपायी आली न्हाईस व्हय लग्नाला? मला वाटलं, हळदीच्या दिवशी मी थट्टा केलो म्हणून."

"कसली थट्टा?"

"मी म्हटलो न्हवं का, वायरमन झालीस, आता तुला नवरा कोण करणार! तू लगीन केलं न्हाईस असं कळलं, तवा मला वाटलं माझं बोलणं लागलं तुला. चाळीस वरसं मी तेच डोक्यात घेऊन बसलोया!"

आक्का तिच्याकडे बघतच राहिल्या. "असं म्हणालीस व्हय तू?" त्यांना ते आठवतच नव्हतं.

"म्हणालो की!"

"मला ऐकू बी आलं नसंल. भोंगा वाजत हुता."

मग रशिदाबींनी आक्कांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या मोठ्याने रडल्या की शेडमधून रशिदाबींचा मुलगा माग बंद करून धावत आला. त्याला वाटलं, घरात कुणी गेलं.

पुढच्या रविवारी आक्का परत गेल्या. मग दर रविवारी. मग शनिवारीच जाऊ लागल्या, सोमवारी येऊ लागल्या. रशिदाबींचे पती वारलेले, मुलगा-सून दिवसभर शेडमध्ये. त्यांनाही सोबत हवी होती. घरातली सगळी वायरिंग आक्कांनी बदलून दिली, मग शेजारच्यांची, मग त्या गल्लीत कुणाचा फ्यूज गेला तर "कोल्हापूरच्या आक्कांना बोलवा" असं होऊ लागलं. आणि तिथे लोक त्यांना आत बोलवायचे, जेवायला बसवायचे.

मला फार आनंद झाला होता. तो खराच होता. पण रविवारी खालचं दार बंद असायचं. मी सकाळी पेपर आणायला उतरायचो, दुपारी उगाच कचरा टाकायला उतरायचो, संध्याकाळी व्हरांड्यातल्या पायरीवर बसायचो. वरच्या मजल्यावर सगळं व्यवस्थित चालू असायचं, आणि मी त्या व्यवस्थित चालणाऱ्या घरात एकटा असायचो. बायकोला मी सगळं सांगितलं होतं, ती दोन दिवस बोलली नाही, मग म्हणाली, "आक्कांना फोन दे." तर आक्का घरी नव्हत्या.

पुढच्या वर्षी माझी पुण्याला परत बदली झाली. मी निघालो त्या आठवड्यात आक्काही घर भाड्याने देऊन कायमच्या इचलकरंजीला गेल्या. मुलगी आता कॉलेजसाठी दुसऱ्या शहरात असते, बायको शनिवार-रविवारी तिच्याकडे जाते. परवा रविवारी दुपारी असाच बसलो होतो, काही काम नव्हतं, तर आक्कांना फोन लावला.

"कोण? पावणं व्हय?" पलीकडे खटखटाट एवढा होता की त्यांचा आवाज त्यात बुडत होता. "ऐकू येत न्हाय! माग चालू हाय! काय म्हणताय?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज केला."

"काय? मोठ्यानं बोला की! रशिदा, ए रशिदा, पुण्याचं पावणं हायत गं..."

मग त्यांनी फोन बहुतेक कुठेतरी ठेवला. दोघी कशावरून तरी बोलत होत्या, एकीने काहीतरी म्हटलं आणि दुसरी मोठ्याने हसली. फोन बंद करायचा त्या विसरल्या होत्या. मी तो कानाला तसाच धरून बसलो, बराच वेळ.